चार अंशांची जाळी

एरंडोल,
दि. २ नोव्हेंबर २०२५

श्री. रविंद्र पाटील यांस,
गुलाब बिऱ्हाडे यांचा जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, असे पत्रात आधी लिहायचे असते म्हणून लिहिले. प्रशीलच्या आईचे गुडघे दुखतात. सून वृषाली सुट्टीत आठ दिवस येथे होती, परवा जळगावला कॉलेजवर हजर झाली. प्रशीलला जाऊन आज तीन महिने झाले.

आजवर मी तुम्हाला 'रवी' म्हणत आलो. चाळीसगावला घरी जाताना तुम्ही दर वेळी वाट वाकडी करून आमच्याकडे यायचे, कळण्याची भाकरी मागून खायचे. आज 'रवी' लिहायला हात उठत नाही. राग मानू नका किंवा माना.

तुम्ही वृषालीला पाठवलेला अहवालाचा मसुदा तिने छापून माझ्या हातात दिला. इंग्रजीत असला तरी मला वाचता येतो. मी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो, निम्मी पुस्तके इंग्रजीतच होती. तो मी चार वेळा वाचला.

पहिल्या पानावर प्रशीलचे नाव सगळ्यात वर, काळ्या चौकटीत. खाली 'यांच्या स्मृतीस अर्पण'. आणि शेवटच्या पानावर काय आहे? तर जाळीच्या सळ्या चार अंशांनी तिरप्या बसवल्याने नको असलेल्या लहरींत कोणतीही घट आढळली नाही, सबब मोठ्या अँटेनासाठी सरळ सळ्यांचीच जाळी कायम करावी. म्हणजे माझ्या मुलाने दोन वर्षे जे डोक्यात घेतले होते ते चूक होते, हे तुम्ही त्याच्याच नावाने छापणार आणि त्यालाच अर्पण करणार. याला तुमच्याकडे श्रद्धांजली म्हणतात का?

येथे गावात तर वेगळाच तमाशा आहे. चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. 'एरंडोलचा शास्त्रज्ञ'. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक पुढारी माईकवर म्हणाला की हा मुलगा देशासाठी अणुबॉम्ब बनवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशील हयातभर सांगत राहिला की बॉम्बचा काही संबंध नाही, सूर्याच्या पोटात जसे होते तसे करून वीज काढायची आहे. हायड्रोजनच्या जातीचा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवायचा, त्याला कोणत्याही भांड्याची भिंत सहन होणार नाही म्हणून चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरून ठेवायचा. तापवायला शेगडी चालत नाही, म्हणून अँटेनातून रेडिओच्या लहरी सोडायच्या, आणि त्यांतल्या नको त्या अडवायला अँटेनाच्या तोंडावर सळ्यांची जाळी लावायची. हे माझ्या डोक्यात त्याने भाकरी खाता खाता भरले. पुढाऱ्याच्या डोक्यात कोण भरणार. पण निदान तुम्हाला तरी ते सांगावे लागत नाही. तुम्ही त्याच्या हाताखाली सहा वर्षे काम केले.

आता मुद्द्याचे विचारतो. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये, फोनवर मला बोलता येत नाही.

अहवालात सळ्यांची संख्या एकोणीस लिहिली आहे, लांबी पंधरा सेंटिमीटर, जाडी सहा मिलिमीटर. त्याच्यापुढे कोन, चार अंश. हा कोन तुम्ही मोजून लिहिला की ड्रॉइंगवरून उतरवला? मोजला असेल तर कशाने? कोणी? कोणत्या तारखेला?

दुसरे. जाळी न लावता नको असलेली लहर शंभर धरली, तर जुनी सरळ जाळी लावल्यावर ती अडतीस उरत होती. नवी लावल्यावरही अडतीस. दोन वेगळ्या जाळ्या, दोन वेगळ्या हातांनी केलेल्या, आणि आकडा तंतोतंत तोच. तुमच्यापैकी एकालाही शंका आली नाही? आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन जॉब इतके सारखे आले तर मी दोघांना उभे करून विचारायचो की एकाने दुसऱ्याचा उचलला का. तुमच्याकडे सगळे डॉक्टरेटवाले बसले आहेत.

चार अंश म्हणजे पंधरा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. बघितले तर दिसते. न बघणाऱ्याला दिसत नाही.

मसुद्यात लिहिले आहे की २८ तारखेच्या बैठकीत हा अहवाल ठेवून विषय बंद होणार. त्याआधी मला उत्तर हवे. ते मिळेपर्यंत माझ्या मुलाचे नाव त्या कागदावर राहता कामा नये. मी त्याचा बाप आहे, मला एवढा हक्क आहे असे मी समजतो.

प्रशीलच्या टेबलाचे सामान तुम्ही सप्टेंबरात पाठवले ते पोचले होते. पोच कळवायची राहिली. त्यात ती जाळीही होती. 'सरांची आठवण म्हणून' अशी चिठ्ठी तुम्ही तिला बांधली होती. जाळी त्याच खोक्यात कपाटावर ठेवली आहे.

आपला,
गुलाब सुकदेव बिऱ्हाडे


एरंडोल,
दि. १४ नोव्हेंबर २०२५

श्री. रविंद्र पाटील यांस,
जय भीम.

पत्र मिळाले. हाताने लिहिले, बरे केले. तुमच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले हे वाचले. आठ दिवस त्यांना वाकू देऊ नका.

तुम्ही कबूल केले की जाळी मोजली नाही. कारण काय दिले, तर 'आबांच्या हातची होती म्हणून'. तुम्ही लिहिता की तुमच्या प्रयोगशाळेत तसा रिवाजच होता. गेल्या तीन वर्षांत मी जे काही करून पाठवले, प्रोबचा स्टँड, त्या पितळी चिमट्या, ते कधीच कोणी तपासले नाही. नवीन आलेल्या एका पोराने एकदा व्हर्नियर काढला तर प्रशील त्याला म्हणाला, "अरे, ठेव ते. आबांच्या कामाला गेज लावायचा नसतो. लावलास तर गेजच चुकीचा निघेल." सगळे हसले. तेव्हापासून तुमच्याकडे ही म्हणायची पद्धतच पडली.

हे तुम्ही मला आनंद व्हावा म्हणून लिहिले असेल. मला काय झाले ते मी लिहीत नाही.

मी तुम्हाला एवढेच सांगतो की हा मूर्खपणा आहे. प्रशीलचाही मूर्खपणा होता, गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय तरी बोलतो. मी एकतीस वर्षे पोरांना बडवून सांगितले की काम कोणाच्याही हातचे असो, माझ्या हातचे असो, आधी मोजायचे आणि मग हात लावायचा. स्वतःच्या पोराला तेवढे शिकवता आले नाही. बाप म्हटल्यावर तो मोजायचा थांबला. आणि तुम्ही सगळे त्याच्या मागे शेपटासारखे.

एवढ्यावर थांबला असता तर चालले असते. शेवटी काय लिहिले आहे तुम्ही? 'जाळी आता तुमच्याकडेच आहे, आबा. तुम्हीच एकदा कोन मोजून कळवा. तुम्ही जो आकडा द्याल तो मी अहवालात तसाच टाकतो. २८ तारखेला सगळ्यांना सांगतो की आबांनी स्वतः तपासला.'

हे वाचून मी कागद टेबलावर आपटला. प्रशीलची आई आतून बाहेर आली. काय झाले विचारले, मी म्हणालो काही नाही. रविंद्र, मी तुम्हाला पहिल्या पत्रात का ओरडलो ते तुम्हाला कळलेच नाही. ज्याने काम केले त्यालाच ते तपासायला सांगता? त्याचाच आकडा घेता, आणि तोही न बघता? उद्या मी चार लिहिले तर चार? पाच लिहिले तर पाच? आणि त्या आकड्यावर तुम्ही कोट्यवधींचा अँटेना उभा करणार?

तुमच्या संस्थेत कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर नाही काय? नसेल तर सांगा, माझा पाठवतो.

आपण असे करू. २८ ला बैठक आहे. त्याआधी काय करायचे ते मी कळवतो. तोवर अहवाल जागचा हलवू नका. मला थोडे दिवस द्या. मोजायला पाच मिनिटे लागतात हे मलाही माहीत आहे, मला दिवस वेगळ्या कारणासाठी हवेत.

गुलाब बिऱ्हाडे


एरंडोल,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. रविंद्र यास,
आबांचा जय भीम.

जाळी मोजली. शून्य अंश.

एकोणीसच्या एकोणीस सळ्या सरळ आहेत. एका बाजूने गुण्या लावला, दुसऱ्या बाजूने लावला, काटकोनाला कुठेही फट नाही. काम फार चांगले झाले आहे. आयटीआयच्या प्रदर्शनात ठेवावे असे.

मोजायची खरे म्हणजे गरज नव्हती. ती सरळ आहे हे मला जूनपासून माहीत आहे. मीच ती सरळ केली.

आता सगळे क्रमाने लिहितो. मध्ये कुठे माझी बाजू घेतल्यासारखे वाटले तर तेवढे सोडून वाच.

जूनमध्ये प्रशील जळगावच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा भरती होता. रक्तातला आजार काय असतो ते तू पाहिलेस. तुमच्या वर्कशॉपमध्ये चार महिन्यांची रांग होती म्हणून त्याने मला म्हटले, "आबा, तुम्ही करून द्याल का? टेबलावरच्या चाचणीपुरती छोटी करायची आहे." पलंगावर बसून त्याने ड्रॉइंग काढले, दवाखान्याच्या केसपेपरच्या पाठीमागे. पट्टी नव्हती. त्याचा हात थरथरत होता. चौकटीच्या बाजू वाकड्या, गोल आहेत ते गोल नाहीत. सळ्या सगळ्या एका बाजूला कललेल्या. शेजारी आकडे लिहिले होते, त्यात ४° होते. ते मी वाचले. वाचले नाही असे मी म्हणणार नाही.

पण त्याच दिवशी सकाळी त्याने आईला नर्सच्या नावाने हाक मारली होती. आणि त्या कागदावर वर तारीख घातली होती ती २०१४ ची. औषधे जबर होती. मला वाटले, हे चार अंशही त्या औषधांतलेच आहेत. नमुना म्हणून तुम्ही पाठवलेली जुनी जाळी माझ्यासमोर होती, ती सरळ होती. सळ्या तिरप्या लावल्या की चौकटीच्या दोन कोपऱ्यांत त्रिकोणी रिकामी जागा राहते, शेवटच्या सळ्या आखूड कराव्या लागतात. ते माझ्या डोळ्यांना बघवेना. मी म्हटले, शुद्धीवरचा प्रशील असे काढणार नाही.

विचारायला हवे होते. तो पलंगावर माझ्यासमोरच होता, एक हात अंतरावर. "हे चार अंश खरेच हवेत का रे?" एवढेच विचारायचे होते. नाही विचारले. विचारले असते तर त्याला कळले असते की आता बापाला आपल्या डोक्याचा भरवसा राहिलेला नाही. अंगातले बळ गेले होते, केस गेले होते, डोके तेवढे शाबूत आहे या जोरावर तो बसला होता. मी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि म्हणालो, "होईल पंधरा दिवसांत."

चौकटीच्या मिलिंगसाठी मी धुळ्याला गेलो. तिथे एमआयडीसीत मगनचे वर्कशॉप आहे, तो माझा जुना विद्यार्थी. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "सर, आठे च्यार अंश लिखेल शे."

मी म्हणालो, "तू काटकोनात कर."

"मंग हाई काय शे?"

"आजारी माणसाच्या हाताची रेषा आहे ती. काटकोनात कर म्हणतो ना."

तो हसला. म्हणाला, "सर, ड्रॉइंग कशी वाचानी हाई तुम्हीनीच आम्हले शिकाडं ना. ड्रॉइंगम्हा जे शे तेच करानं म्हणेत तुम्ही. आते तुम्हीच सांगतस वाचू नको!"

मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्या कामगारांसमोर. पन्नाशीचा माणूस तो, मान खाली घालून मशीनकडे गेला. त्या दिवशीही मला राग आला होता. मला राग येतो तेव्हा बहुतेक मी चुकीचा असतो, हे एवढे वय झाल्यावर कळून उपयोग नाही.

सळ्या मी घरी बसवल्या. खोक्यावर कागद चिकटवला आणि आयटीआयच्या जॉबवर लिहायचो तसे लिहिले: 'ड्रॉइंगप्रमाणे तपासले.' खाली सही. एकतीस वर्षांत ते वाक्य मी खोटे कधी लिहिले नव्हते.

२२ जुलैला तू आकडा घेऊन दवाखान्यात आलास. ती दुपार तुला आठवत असेल, पण तू ती तुझ्या बाजूने पाहिलीस. मी खिडकीपाशी मोसंबी सोलत होतो.

तू म्हणालास, "सर, अडतीसच आला. दोनदा घेतला."

तो म्हणाला, "जाळी नीट बसली होती?"

"आबांची जाळी आहे, सर." आणि तू माझ्याकडे पाहून हसलास.

मला तोवर काही कळलेले नव्हते. मी सहज विचारले, "तिरप्या सळ्यांनी असे काय होणार होते रे?"

त्याने मला जवळ बोलावले. आवाज फार बारीक झाला होता त्याचा. म्हणाला, "आबा, बोल्टचे आटे कधी सरळ पाहिलेत? आडवे, एकाखाली एक?"

मी म्हटले, "नाही. आटे पीळ घेऊन जातात."

"आतल्या चुंबकाच्या रेषापण तशाच जातात. पीळ घेऊन. जाळीच्या सळ्या त्या रेषांना समांतर पाहिजेत, म्हणजे कामाची लहर आत जाते आणि दुसरी अडते. ती दुसरी लहर जाळीतून सुटली तरी वायूच्या पोटात कधी जातच नाही, कडेकडेने फिरते, भिंतीचे धातूचे कण उडवते, ते कण प्लाझ्मात, म्हणजे त्या तापल्या वायूत, पडले की तो थंड. बाहेरच्या देशांत करून पाहिलंय लोकांनी. आपल्या अँटेनाला किती फायदा होतो ते बघायचं होतं." मग त्याने दम घेतला. "आट्याला आटा लागला नाही तर नट बसेल का?"

रवी, फिटरला याहून सोपे करून कोणी सांगू शकत नाही. माझ्या हातात मोसंबी होती. मला त्या क्षणी सगळे कळले.

तेवढ्यात त्याने विचारले, "तुम्ही चारच अंश ठेवले होते ना, आबा?"

मी म्हणालो, "हो."

एवढेच. हो. विचार करायलाही वेळ घेतला नाही मी.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "लिहून टाक रवी. फरक नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "आबा, तुमची मेहनत फुकट गेली. ती जाळी आईला देऊन टाका, पापड वाळवायला." तू हसलास. तोही हसला. मीही हसलो असेन.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. त्यातले नऊ दिवस चांगला बोलत होता. मी रोज सकाळी एरंडोलहून बसने निघताना ठरवायचो की आज सांगायचे, आणि संध्याकाळी तसाच परत यायचो. कधी डॉक्टर आत असायचे, कधी त्याला झोप लागलेली असायची. एकदा तर आम्ही दोघेच होतो, तासभर. त्याने मला पेपर वाचून दाखवायला सांगितले. मी सगळा पेपर वाचला, बाजारभावासकट. काय सांगणार होतो? की तुला वेड लागले असे मी ठरवले होते? की तू बरोबर असशीलही, पण बापाने तुझी रेषा सरळ करून टाकली? चूक माझी होती, ती मी भोगायची, हे साधे काम होते. मी ती त्याच्यावर टाकली आणि जाताना तो ती सोबत घेऊन गेला.

लोक येतात आणि मला म्हणतात, तुमच्या हातात कला आहे, पोराच्या संशोधनाला शेवटपर्यंत हातभार लावला. मला त्यांना घराबाहेर काढावेसे वाटते. तुझे पत्र वाचूनही तेच वाटले. पहिल्या पत्रात मी तुझ्यावर तुटून पडलो ते का, हे आता तुला कळले असेल. तू स्वतःहून शोधून काढावे आणि मला पकडावे, म्हणजे मला सांगावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. आणि तू मलाच मोजायला सांगितलेस.

पण एक लक्षात ठेव. माझी चूक कबूल केली म्हणून तुझी माफ झाली असे नाही. तू खोके उघडलेस तेव्हा एकदा, एकदाच, वर कोनमापक ठेवला असतास तर त्या दिवशी दवाखान्यात वेगळे बोलणे झाले असते. तुझ्यावर माझा राग आहे. तो इतक्यात जाणार नाही. माझ्यावरचा आहे त्याच्या शेजारी तोही राहील.

परवा प्रशीलच्या आईला सांगितले. ती अंगणात तूर निवडत होती. सगळे ऐकून घेतले. माझ्याकडे पाहिले नाही. सुपातला खडा काढून टाकत म्हणाली, "म्हणजे मन्हा पोऱ्या चुकना नव्हता?"

मी म्हणालो, "माहीत नाही. तपासलेच गेले नाही."

"तुम्हीनी त्याले सांगं का नही?"

मग ती म्हणाली, "आते का बशी ऱ्हायनात? लिखा त्यासले. बठ्ठं लिखा." सगळे लिहा, एवढे सांगून ती सूप घेऊन आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. वेळेवर ताट ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. वृषालीला मी काल फोन केला. मला फोनवर बोलता येत नाही तरी केला. ती रडली नाही. "आबा, मी नंतर बोलते," म्हणाली. अजून बोललेली नाही. बरोबर आहे तिचे.

आता तू काय करायचे ते सांगतो.

जाळी या पत्रासोबत पार्सलने पाठवली आहे. आल्याबरोबर चार जणांसमोर मोज. मी शून्य लिहिले आहे म्हणून शून्य लिहू नकोस.

२८ च्या बैठकीत सांग की चाचणीसाठी वापरलेली जाळी ड्रॉइंगप्रमाणे नव्हती. ती सरळ होती, म्हणून जुन्या जाळीचाच आकडा आला. अहवालातही तसेच लिही. बनवणाऱ्याने ड्रॉइंग बदलले, तसे कळवले नाही, आणि विचारल्यावर खोटे सांगितले, हे तिन्ही त्यात आले पाहिजे. बनवणाऱ्याचे नाव पूर्ण घाल. बैठकीत कोणी म्हणेल की जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे, दुःखात आहे. त्याला हे पत्र वाचून दाखव.

प्रशीलचे केसपेपरवरचे ड्रॉइंग पाकिटात ठेवले आहे. त्याची झेरॉक्स काढून मूळ मला परत कर. त्यावरून नवी जाळी तुमच्या वर्कशॉपमध्ये बनवून घे. रांग असेल तर रांगेत थांब. मी बनवून देणार नाही. मगनलाही विचारू नकोस, तो माझ्या नावाने चांगली करील आणि तुम्ही पुन्हा मोजणार नाही. ज्याला माझे नाव माहीत नाही अशा माणसाकडून करून घे, आणि चार अंश झाले की नाही ते बघ. मग चाचणी कर.

आकडा अडतीसच आला तर प्रशील चुकला होता असे होईल, आणि मला जरा मोकळा श्वास घेता येईल. मी इतका हलका माणूस आहे हे तुला कळावे म्हणून लिहितो. आकडा खाली आला तर तो बरोबर होता. म्हणजे शेवटचे अकरा दिवस तो विनाकारण हरलेला होता, आणि ते मी केले. मला तोच आकडा हवा आहे. तो दहा येवो, पाच येवो.

कळवताना मला कळवू नकोस. फोनही नको. साध्या मराठीत तीन ओळी लिही, आधी किती होता, आता किती आला, आणि त्याचा अर्थ काय. पाकिटावर तिचे नाव घाल. सौ. कुंदाबाई गुलाब बिऱ्हाडे. मराठी तिला वाचता येते. मला सांगायचे की नाही ते ती ठरवेल.

गुलाब सुकदेव बिऱ्हाडे
ज्याने जाळी सरळ केली